विहिरीतलं मडकं

माझ्या ताईचे सासरे आबा, त्यांच्याइतका पाण्यावर अविश्वास असलेला माणूस उभ्या भाईंदरात झाला नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सारे तिथल्या नवघर गावात राहायचो, आणि टपाल कचेरीतून निवृत्त झालेले आबा अख्ख्या गावाच्या घशावर पहारा देत होते. कुणाकडे चहाला गेले की आधी चुलीपाशी. "वहिनी, नुसती वाफ नको, खळखळ हवी!" लग्नात पंगत बसायच्या आत पिंपात ब्लीचिंग पावडर टाकून मोकळे. एकदा खुद्द व्याह्यांनी पहिला घोट थुंकला. "अहो, पाणी आहे की कपड्यांचा सोडा?" आबा शांत. "वास येतोय ना? मग बिनधास्त प्या."

ग्रामपंचायतीचा नळ निवडणुकीच्या भाषणातून तेवढा वाहायचा. सगळं गाव एकाच विहिरीवर, आणि पावसाळ्यात गटार तिच्यातच उतरायचं. हे मी पत्रकांतून ठणकावत होतो. आबांनी मात्र एका सकाळी मडक्याला बारीक भोकं पाडली, वाळू नि पावडर भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि पावडर हळूहळू पाण्यात उतरावी म्हणून मडकं दोरानं विहिरीत सोडलं. सांगितलं कुणालाच नाही. दुपारी शेजारच्या हिरूबाय कोळणीनं ते वर ओढलं नि ती किंचाळली, "करनी हाय ही! बावीत करनी केलीय कोनी!" आबा धावत पोचेपर्यंत खापऱ्या झाल्या होत्या.

"अगं, औषध होतं ते!"

"औषध बाटलीत असतं, आबा. मडक्यात न्हाय."

त्याच पावसाळ्यात जुलाब-वांत्यांची साथ आली. हिरूबायची धाकटी पोर संध्याकाळी आडवी झाली, सकाळी गेली. पंचायतीनं शोकसभा घेतली.

आबांनी नवं मडकं भरलं. या वेळी त्याला हळदकुंकू लावलं, जास्वंदीची माळ घातली आणि बायकांना बोलावून सांगितलं, "गावावरची पीडा जावी म्हणून सोडतोय. कुणी हात लावायचा नाही." नारळ हिरूबायनंच फोडला.

माझं डोकं फिरलं. "आबा, तुम्हीसुद्धा? ही अंधश्रद्धेपुढे शरणागती आहे!"

"तुझी पत्रकं टाकून बघ विहिरीत. किती जंतू मरतात, सांग मला."

माणसं जगवायला त्यांना फसवावं लागतं, ही पंचायतीची लाज आहे, असं मी आजही म्हणतो. बायका हात जोडून घरी गेल्या, तरी आबा दोर धरून वाकलेलेच होते. बोटं कुंकवानं लाल झाली होती.

"हे आधी सुचायला हवं होतं रे," ते म्हणाले, आणि दोर खांबाला बांधू लागले. गाठ काही त्यांना नीट मारता येईना.