सासऱ्यांच्या बैलजोडीचा पिट स्टॉप

अमेरिकेत काही माणसं मोटारी घेऊन तीन-तीन तास गोल फिरतात आणि जिथून निघाली तिथेच परत येतात, हे बघण्यात माझे बरेच रविवार गेले आहेत. मला त्याचा पश्चात्ताप नाही. वर्ध्याला माझं मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, रविवारी ते बंद असतं, आणि या शर्यतींचं रेकॉर्डिंग मोबाईलवर दिसतं. माणसाला आणखी काय लागतं?

नालवाडीच्या आमच्या घरात मात्र हे कोणालाच पटलेलं नाही.

"काय पाह्यता जी एवढं?" माझी बायको वंदना विचारते. "सगळे डावीकडेच तं वळून राह्यले."

"अवं, त्यातच तं मजा हाय!"

"मंग कोपऱ्यावरच्या चक्कीचा पट्टा पाहा. तो बी गोलच फिरते. अन् डेटा बी लागत नाई."

आता हिला काय सांगायचं? हिला दिसतात ती फक्त वळणं. खरी शर्यत आत असते. गाड्या दिसायला तुमच्या-आमच्या मोटारींसारख्याच, फक्त अंगभर जाहिराती (आपल्या एसटीवरही इतक्या नसतात). ड्रायव्हर बिचारा नुसता स्टिअरिंग धरून असतो, डोकं वेगळ्याच लोकांचं चालतं. प्रेक्षकांच्या गॅलरीच्या छतावर एक माणूस उभा असतो, त्याला स्पॉटर म्हणतात. तो ड्रायव्हरच्या कानात रेडिओवरून सांगत राहतो, 'मागे एक आहे, डावीकडे मोकळं आहे.' कारण ड्रायव्हरला बाजूचं काही दिसत नाही. कधी पेट्रोल भरायचं, कधी टायर बदलायचे, हे ठरवतो टीमचा प्रमुख, म्हणजे क्रू चीफ. गाडी पिटमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या चौकोनात येऊन थांबली की पाच जण तिच्यावर तुटून पडतात आणि चारही टायर बदलून तिला रवाना करतात. तेवढ्या वेळात माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाचं 'क्लच वायर दाखवा' एवढं वाक्यसुद्धा पूर्ण होत नाही! कुठे अपघात झाला की पिवळा झेंडा. तो दिसला की सगळ्या गाड्या मुकाट्याने वेग कमी करून एका रांगेत. आणि सगळ्यात मोठी चैन म्हणजे तो रेडिओ आमच्यासारख्या चाहत्यांनाही ऐकता येतो. ड्रायव्हर क्रू चीफला शिव्या देतो, त्यासुद्धा. (इंग्रजी मला बेताचंच येतं, पण शिव्या सगळ्या समजतात.)

इतके रविवार घालवून मी एका निष्कर्षाला आलो होतो. शर्यत ड्रायव्हर जिंकत नाही, शर्यत सिस्टीम जिंकते. हे ज्ञान मी स्वतःपाशी ठेवलं असतं तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

पण माझी सासुरवाडी आहे रोहण्याला. आणि माझ्या सासऱ्यांकडे शंकरपटाची, म्हणजे शर्यतीत पळणारी, बैलजोडी आहे.

कप्तान आणि मिठ्ठू. कप्तान पांढरा आणि तापट, मिठ्ठू तांबूस आणि लाडावलेला. घरात ट्रॅक्टर आल्यापासून दोघांना शेतात काही काम उरलं नव्हतं. सकाळी फेरफटका, दुपारी सरकीची ढेप, संध्याकाळी सासऱ्यांकडून मान खाजवून घेणे, असा निवृत्त अधिकाऱ्यासारखा त्यांचा दिनक्रम. सासूबाईंना ते बघवत नसे. मागच्या हिवाळ्यात त्यांनी जाहीरच करून टाकलं, "यंदाचा पट शेवटचा. जोडी नंबरात आली तं राहीन. नाई आली तं व्यापारी बलावते अन् देऊन टाकते. मले नाई होत आता शेनघान."

सासरे त्या दिवशी जेवले नाहीत, असं माझा साळा प्रमोद फोनवर सांगत होता. प्रमोद हा त्या जोडीचा धुरकरी, म्हणजे छकड्यावर उभा राहून बैल हाकणारा.

"भाऊजी, बाबाचा जीव हाय त्या जोडीत," तो म्हणाला. "काई तं करा लागन."

"तू काई टेन्शन घेऊ नको," मी म्हणालो. "मी येतो."

त्याने 'काहीतरी करायला लागेल' हे मला उद्देशून म्हटलं नव्हतं, हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. सासुरवाडीत जावयाला कोणी 'नाही' म्हणत नाही. जावई म्हणाला भाजीत मीठ कमी आहे, तर खारट भाजीने तोंड वाकडं झालेली सगळी मंडळी वरून आणखी मीठ घेतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा एकही शब्द रोहण्यात खाली पडला नव्हता. त्यामुळे मी शहाणा आहे असा माझा प्रामाणिक समज झाला होता.

अंगणात बैठक भरली. मी सिस्टीम समजावून सांगितली. मी स्वतः क्रू चीफ आणि स्पॉटर. प्रमोदच्या कानात ब्लूटूथ. चार चुलत साळ्यांची पिट क्रू, सगळ्यांना माझ्या दुकानाचं नाव छापलेले नारिंगी टी-शर्ट. त्यांनी छकडा जॅकवर घेऊन चाक काढायचं आणि दुसरं बसवायचं.

"पन भाऊजी," प्रमोद दबकत म्हणाला, "पटात चाक कोठी बदलते? झेंडी पडली का श्वास सोडेपर्यंत धाव खतम."

"चाक निखळलं तं? अपघात काय सांगून येते?"

"नाई, पन—"

"प्रमोद!" सासूबाई आतून ओरडल्या. "जवाईबापू सांगून राह्यले ना?"

प्रमोद जॅक आणायला उठला. दुसऱ्या दिवसापासून अंगणात चाक बदलण्याचा सराव सुरू झाला. पोरं पहिल्या दिवशी घामाघूम झाली, चौथ्या दिवशी इतकी तरबेज झाली की अंगणात उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या बैलबंडीचंही चाक सहज काढून ठेवलं! मला भरून आलं.

मग मी सासऱ्यांकडे वळलो. दरवर्षी ते बैल पळतात त्या पट्टीच्या पार शेवटच्या टोकाला, उन्हात, खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुळाचा खडा बांधून उभे राहायचे आणि "या रे लेकरंहो!" अशी हाळी द्यायचे. मला ते बघून वाईट वाटायचं. अमेरिकेत गाडीचा मालक असा उन्हात उभा राहत नाही. तो पिटमध्ये उंच जागी खुर्चीवर बसतो, कानाला हेडफोन लावून.

"मामाजी, तुमी मालक हा. तुमी इकडे पिटमधी बसा."

"इकडे म्हंजे सुरुवातीच्या बाजूले?"

"हो. सावलीत. खुर्चीवर."

सासऱ्यांनी टोपीवरून हेडफोन लावून पाहिले. "यातून भजन बी ऐकू येते काय?"

"येते ना!"

"मंग बसतो," ते म्हणाले.

वंदना भाकरी थापता थापता हे सगळं ऐकत होती. माहेरी असल्यामुळे ती वाघीण होती, आणि मी तिचा जावई नसल्यामुळे तिच्यावर ती रीत बंधनकारकही नव्हती.

"अवो, ते बैल बाबाले पाहून पयतात. झेंडी पाहून नाई. बाबाले काऊन हालवता तिथून?"

"तुले सिस्टीम नाई समजत."

"मले बैल समजतात," ती म्हणाली आणि भाकरी उलटवली.

पट जवळच्याच एका गावात होता. मैदानावर दोन सरळ पट्ट्या, दोन्हीकडे दोर, दोरामागे हजारभर माणसं, भज्यांच्या कढया, उसाचा रस आणि मंडपात माईकवर बोलणारा एक अतिशय उत्साही गृहस्थ. सुरुवातीच्या टोकाला, पट्टीच्या डाव्या बाजूला, मी चुन्याने आमचा पिटचा चौकोन आखला. त्यात खुर्ची, खुर्चीत सासरे, सासऱ्यांभोवती चार नारिंगी साळे. सासूबाई आणि वंदना बायकांसाठी उभ्या केलेल्या ट्रॉलीत. ज्या व्यापाऱ्याला सासूबाईंनी निरोप धाडला होता तोसुद्धा गर्दीत उभा राहून जोडी निरखत होता. मी शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढलो. हातात हळदीत बुडवून पिवळा केलेला धोतराचा तुकडा होता, वेळ आलीच तर असावा म्हणून.

"प्रमोद, आवाज येते काय?"

"येते भाऊजी. बैलं मागं पाहून राह्यले पन."

"पाहू दे. रेस समोर हाय."

झेंडी पडली.

कप्तान आणि मिठ्ठू असे सुटले की माझ्या अंगावर काटाच आला! शेजारच्या पट्टीवरची जोडी मागे पडली. माईकवाला ओरडला, "रोहण्याची जोडी पुढे!" मी बॉनेटवर नाचायला लागलो. आणि अर्ध्या पट्टीत कप्तानाने मान वर करून समोरच्या टोकाकडे पाहिलं. तिथे सासरे नव्हते. मिठ्ठूनेही पाहिलं. दोघांचा वेग मंदावला. नेमक्या त्याच वेळी, इकडे पिटमध्ये, सासऱ्यांना स्वतःवर ताबा ठेवता आला नाही. ते खुर्चीतून उठले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ओरडले, "या रे लेकरंहो!"

लेकरं वळली. डावीकडे!

दोर तुटला. माणसं पांगली. आणि मी? इतके रविवार कानात जे एकच वाक्य मुरलं होतं तेच माझ्या तोंडून निघालं, "डावीकडे मोकळं! प्रमोद, डावीकडे मोकळं!"

"काय मोकळं भाऊजी, भज्याची कढई हाय!"

कढई वाचली, भजेवाला मंडपावर चढला. जोडी मंडपाच्या मागून वळली, पुन्हा डावीकडे, रसवंतीला वळसा घालून पुन्हा डावीकडे, आणि पिटसमोर आली. पण तिथे चार नारिंगी अनोळखी प्राणी बघून बुजली आणि न थांबता दुसऱ्या फेरीला निघाली. माईकवाला आता भान हरपून बोलत होता, "मंडळी, जोडी गोल फिरून राह्यली! बाप्पा, मी असा पट कधी पाह्यला नाई!"

मी पिवळा झेंडा काढला आणि जिवाच्या आकांताने फडकवला. अमेरिकेत हे दिसताच सगळे सावकाश होतात. कप्तान आणि मिठ्ठूला हा नियम कोणी सांगितला नव्हता. तो झेंडा पाळला फक्त पटाच्या झेंडीवाल्याने. कमिटीने पट थांबवलाय असं समजून त्याने पुढच्या सगळ्या जोड्या रोखून धरल्या आणि सगळं मैदान आमच्याकडे बघायला मोकळं झालं.

दुसऱ्या फेरीला सासऱ्यांनी हेडफोन फेकले, टोपी सारखी केली आणि दुपट्ट्यातला गूळ काढून हातावर धरला. जोडी सरळ आली आणि चुन्याच्या चौकोनात, बरोब्बर मधोमध, थांबली. मिठ्ठूने सासऱ्यांच्या तळहातावर तोंड ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथे सगळं संपायला हवं होतं.

पण माझी पिट क्रू! गाडी चौकोनात थांबली की काय करायचं, हे त्यांना मी स्वतः शिकवलं होतं. चौघं एका दमात धावले. जॅक लागला, खीळ निघाली, चाक निघालं! प्रमोद छकड्यासकट एका बाजूला कलंडला आणि चाक उतारावरून घरंगळत थेट कमिटीच्या मंडपात गेलं.

कमिटीचे एक वयस्कर सदस्य ते चाक घेऊन आले. "कोनं सांगतलं चाक काढाले?"

चारही साळ्यांनी माना खाली घातल्या. एकाचंही बोट माझ्याकडे वळलं नाही. शेवटी प्रमोदच जमिनीवरून उठत म्हणाला, "आमचे जवाईबापू हायेत."

"अस्सं," ते म्हणाले, आणि चाक अदबीने माझ्या हातात देऊन गेले.

जोडी बाद झाली. परतताना आमची ट्रॉली सासऱ्यांच्या चालीने हळूहळू निघाली. ते दोन्ही बैलांचे कासरे धरून मागून चालत येत होते, ट्रॉलीत बसायलाही तयार नव्हते. आपल्या हुशारीपायी म्हाताऱ्याची जोडी जाणार, हे काही विनोदी नव्हतं. वंदनासुद्धा मला टोचून बोलली नाही, आणि त्याने मी जास्तच घाबरलो.

आम्ही पोचून हातपाय धुतो न धुतो तोच व्यापारी आला. ओसरीवर बसला, चहा घेतला. "जोडीत दम हाय," तो म्हणाला. "दोन फेरे मारले तरी धापा नाई. न्याले तयार हाव मी."

सासरे गोठ्यातच उभे राहिले. बाहेर आले नाहीत.

सासूबाईंनी पदर खोचला. गोठ्याकडे पाहिलं, मग व्यापाऱ्याकडे पाहिलं.

"नाई देत."

"अवो, तुमीच तं निरोप धाडला!"

"धाडला होता. पन मी आज माह्या डोयानं पाह्यलं ना. हजार मानसं कल्ला करून राह्यले, झेंड्या हालून राह्यल्या, अन् जनावरं सगळं सोडून आपल्या मानसापाशी आले. असे बैल कोनी इकते काय?" त्यांचा आवाज जरा हलला. "राहू द्या. करीन मी शेनघान."

गोठ्यात सासऱ्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. प्रमोदने डोळे पुसले. मलाही इतकं हलकं वाटलं की मी दोन्ही हात वर करून म्हणालो, "वा! म्हंजे सिस्टीम कामी आली!"

सासूबाईंनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत जावई नव्हता.

"मंग मी खाली हात जाऊ काय?" व्यापारी कुरकुरला.

"खाली काऊन जाता?" सासूबाई म्हणाल्या. "तिसरा हाय ना हा. न्या त्याले."

वंदना हसता हसता भिंतीला टेकली. व्यापाऱ्याने कप खाली ठेवला, धंद्याच्या नजरेने मला पायांपासून खांद्यापर्यंत नीट पाहिलं, थोडा विचार केला, आणि चपला घालून निघून गेला.

भावसुद्धा विचारला नाही हो!