बस्त्यावचा टोनी विहिरीत उतरतो

कबरी खणणाऱ्या माणसाला सणासुदीला घरी कोणी बोलावत नाही. ठाण्याच्या खाडीलगतच्या आमच्या गावठाणात टोनीला मात्र बोलावतात. एक तर नारळ काढायला दुसरा माणूस उरलेला नाही, आणि आला की तो मेलेल्यांच्या इतक्या चांगल्या आठवणी सांगतो की जिवंत नातेवाइकांना आपली लाज वाटावी.

टोनी बावन्न वर्षांचा. त्याचा बाप बस्त्याव हेच काम करायचा. हे काम आपल्याला नको म्हणून टोनीने तरुणपणी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत खोकी बांधायची नोकरी धरली होती. कंपनी बंद पडली आणि तो मुकाट्याने बापाच्या हाताखाली आला. बस्त्यावने त्याला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे कुदळ मारण्याआधी आतल्या माणसाला सांगायचं, "उठू नका, फक्त जागा बदलतोय." टोनी अजून तेच सांगतो. मी अनेकदा ऐकलं आहे.

जागा बदलण्याचं कारण असं की आमची दफनभूमी लहान आहे. माणूस पुरला म्हणजे ती जागा त्याची कायमची होत नाही. तीनेक वर्षांनी पाळी येते, कबर उघडतात आणि हाडं काढतात. घरचे हजर असतील तर ती भिंतीतल्या कोनाड्यात जातात, वर नावाची फरशी लागते. कोणीच आलं नाही तर हाडं विहिरीत जातात. नाव विहीर, पण पाणी नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात पंधरा फूट खोल बांधीव खड्डा आहे, वर लोखंडी झाकण. इतर ठिकाणी हाडं वरून ओततात म्हणे. टोनी ती पांढऱ्या कापडात बांधतो आणि दोरीने अलगद खाली सोडतो. बस्त्याव गेला आणि पुढे त्याच्या कबरीची पाळी आली, तेव्हा कोनाडा घेणं टोनीला परवडलं नाही. बापाची हाडं त्याने बापाच्याच निळ्या चौकड्याच्या लुंगीत बांधून विहिरीच्या पूर्वेच्या भिंतीशी सोडली. तेव्हापासून ओळखीचं कोणी असलं की त्याचं गाठोडं तो तिथेच सोडतो, बापाला सोबत म्हणून.

आता माझ्याविषयी, कारण या गोष्टीतली चूक माझी आहे. मी निवृत्त शिक्षक. तरुणपणी पाच वर्षं सेमिनरीत काढली, फादर झालो नाही, लॅटिन तेवढं डोक्यात राहिलं. ते ऐकून घेणारा गावात एकच माणूस, टोनी. तो खणत असला की मी चिंचेखालच्या बाकावर बसून त्याला रोमन लोकांच्या एका जुन्या महाकाव्यातली गोष्ट सांगायचो. एक वीर मेलेल्या बापाला भेटायला जिवंतपणी पाताळात उतरतो. वाटेत नदी लागते. काठावर आत्म्यांची झुंबड, पण ज्यांना माती मिळाली नाही त्यांना नावाडी नावेत घेत नाही. पलीकडे बाप भेटतो. मुलगा त्याला तीनदा मिठी मारायला जातो आणि तिन्ही वेळा हात रिकामेच राहतात. टोनीला ही गोष्ट तोंडपाठ होती, पण एक गोष्ट त्याला पटायची नाही.

"त्याची दोरी कोणी धरलेली, सर?"

मी सांगायचो की दोरी नव्हती, हातात सोन्याची फांदी होती.

"फांदी दाखवून आत जाता येईल. वर यायला दोरीच लागते."

कोणाच्या कबरीची पाळी आली आहे ती नावं चर्चमध्ये मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. सलग तीन रविवार वाचायची. आमच्याकडे सकाळी सातला मराठी मिस्सा असते, जुनी माणसं तिला येतात. नऊला इंग्रजी मिस्सा, तिला नव्या इमारतींमधली मंडळी. गेल्या एप्रिलमध्ये माझे गुडघे धरले होते. सातला उठवत नव्हतं. मी तिन्ही रविवार नऊच्या मिस्सेला गेलो, नावं वाचली आणि घरी येऊन आंबे खाल्ले. यादीतलं इनास परेराचं नाव ऐकून ज्यांनी मान वर केली असती त्यातलं एकही माणूस तिथे नव्हतं. मे महिन्यात टोनीने कबर उघडण्याआधी मला विचारलं होतं, घरी कळवलंय ना? मी म्हटलं, तीनदा वाचलंय. खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

ऑक्टोबरच्या शेवटी इनासची बायको फेलिशियाबाय टिटवाळ्याहून आली. गावठाणातलं घर पाडल्यापासून ती तिकडे मुलाकडे असते. सातच्या मिस्सेला येणारी तिची एक मैत्रीण तिला गावातलं सगळं कळवायची, आणि त्या भरवशावर ती निर्धास्त होती. पुढच्या आठवड्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी इनासला कोनाड्यात ठेवलेलं तिला बघायचं होतं. फरशी तिने आमच्या इथल्या केदारकडून आधीच कोरून घेतली होती. वर इनासचं नाव, खाली तिचं स्वतःचं, तारखेची जागा कोरी. मी बरी होऊन आले तर ठीक, नाहीतर कुठे जायचं ते ठरलेलं बरं, असं ती केदारला म्हणाली होती.

इनासच्या जागेवर दुसऱ्याच कोणाचा नवा क्रूस होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मी पुढे होऊन सगळं सांगितलं, गुडघ्यांचंसुद्धा. माफी मागितली. मी बोलत राहिलो आणि ती जमिनीकडे बघत राहिली. मग पाठ फिरवून चिंचेखाली जाऊन बसली.  त्या काव्यातही वीराला पाताळात एक दुखावलेली बाई भेटते. तो कळवळून बोलतो आणि ती तोंड फिरवून निघून जाते. तो भाग मी कित्येकदा वाचला होता. कळला त्या दिवशी.

फादरांनी सुचवलं की जुन्या जागेची मूठभर माती कोनाड्यात ठेवू, प्रार्थना करू. तिने नुसती मान हलवली, नको म्हणून. टोनी हातात टोपी धरून उभा होता. गाठोडं त्याने स्वतः बांधलं होतं. इनास खोपटच्या एसटी डेपोत फिटर होता. गाडीखालच्या खड्ड्यात पडून त्याची मांडी मोडली होती, तिच्यात पोलादी पट्टी बसवली होती, सहा स्क्रूंची. ती पट्टी टोनीला आठवत होती. गाठोडं पूर्वेच्या भिंतीशी, बापाजवळ सोडल्याचंही आठवत होतं. तो म्हणाला, मी काढतो.

याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका सोसायटीत टाकी साफ करायला उतरलेली दोन माणसं आतल्या हवेने गेली होती. दोघांना टोनीने पुरलं नसलं तरी त्यांची नावं त्याला माहीत होती. फादर म्हणाले, अग्निशमनवाल्यांना विचारू. विचारलं. लेखी अर्ज, परवानगी, पंधरा दिवस. ऑपरेशन सहा दिवसांवर आलं होतं. मी टोनीला बाजूला घेऊन सांगितलं की हे करू नकोस, चूक माझी आहे. तो म्हणाला, मग तुम्ही उतरता का? 

टोनीची बायको मिशेल कळव्याला एका दवाखान्यात आया आहे. ती भांडेल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो. ती भांडली नाही. दोरी मी धरणार, एवढंच म्हणाली.

दोन दिवस झाकण उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला, ऊन निदान निम्म्या भिंतीपर्यंत पोचतं तेव्हा, आम्ही जमलो. आधी एका डब्यात मेणबत्ती पेटवून खाली सोडली. ती जळत राहिली. शिडी लावली. नारळावर चढायची दोरी टोनीच्या कमरेला आणि खांद्यांखालून बांधली. दुसरं टोक आधी मिशेलच्या हातात, तिच्यामागे केदार, मग मी. मिशेलने नियम सांगितला. मी वीस मोजले की हाक मारणार, तू ओ द्यायची. ओ आली नाही की ओढणार, मग तुझ्या हातात काय आहे ते मी बघणार नाही. टोनीने विहिरीत वाकून सांगितलं, "उठू नका, मी आहे," आणि उतरला.

पहिली ओ आली. दुसरी आली. खालून त्याचा आवाज सांगत होता की पावसाचं पाणी झिरपलंय, कापडं कुजलीत, हाताला लागताच फाटतात. तिसऱ्या हाकेला ओ आली पण उशिरा. मेणबत्तीची ज्योत आखूड झाली होती. मी ते मिशेलला सांगितलं नाही. तिला दिसत होतंच. तिने मोजणं विसावरून दहावर आणलं. माझे तळवे घामाने भिजले होते आणि दोरी निसटेल या भीतीने मी ती मनगटाला गुंडाळली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मी वर्गात तीस वर्षं शिकवली. खाणारा मीच आहे हे तेव्हा लक्षात आलं.

"मिळाली पट्टी," खालून आवाज आला.

मिशेल ओरडली, वर ये. तो म्हणाला, एक मिनिट. मग मेणबत्ती विझली.

तिने हाक मारली. ओ नाही. तिने दुसऱ्यांदा मारली नाही, ओढायलाच लागली. दोरी ताठ झाली आणि अडली. वजन जिवंत माणसाचं होतं की कसं ते कळेना. केदारने पाय विहिरीच्या कठड्याला टेकवले, मी मागे रेललो आणि एवढ्यात शिडी वाजली. टोनीचा एक हात शिडीवर दिसला, मग डोकं. ओठ काळेनिळे पडले होते. दुसऱ्या हाताने त्याने सिमेंटची रिकामी गोणी छातीशी धरली होती. आम्ही त्याला गोणीसकट बाहेर ओढला. तो पालथा पडून ओकला, मग खूप वेळ नुसता श्वास घेत राहिला. मिशेलने त्याला एक थोबाडीत मारली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

फेलिशियाबाय चिंचेखालून उठून आली. गोणीत हात घालून तिने ते हाड शोधलं आणि पट्टीवरून बोट फिरवत स्क्रू मोजले. सहा भरले.

"इनास," ती म्हणाली. तीन दिवसांत आम्ही ऐकलेला तिचा पहिला शब्द.

हाडं धुतली, नव्या कापडात बांधली. संध्याकाळी फादर येऊन आशीर्वाद देणार होते. टोनी नळावर हात धूत होता. धुऊन झाले तरी धूतच होता. मी जवळ गेलो तेव्हा त्याने खालच्या आवाजात सांगितलं. इनासचं गाठोडं फुटून खालच्या गाठोड्यावर सांडलं होतं. खालचं निळ्या चौकड्यांचं होतं. त्याने बापाचं वेगळं करायचा प्रयत्न केला, तीनदा केला, पण हात लावला की लुंगीच हातात यायची. मग अंधार झाला. तेव्हा जे हाताला लागलं ते सगळं गोणीत भरलं.

"पट्टीवालं त्यांचं, सर. बाकी कोण कोणाचं, मला नाय माहीत. तिला सांगू नका. ती ऑपरेशनला चाललेय."

मी बाकावर जाऊन बसलो. न सांगणं सोपं होतं. बाई सुखाने दवाखान्यात गेली असती आणि टोनीचा बाप फुकटात कोनाड्यात राहिला असता. पण चुकीच्या माणसांना सांगून मोकळं व्हायचं काम मी एकदा करून बसलो होतो. मी उठलो आणि फेलिशियाबायला सगळं सांगितलं, अगदी लुंगीचा रंगसुद्धा. टोनी दुरून माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मला वाटलं, आता हा माणूस माझी गोष्ट पुन्हा कधी ऐकणार नाही.

तिने कापडाच्या गाठोड्यावर हात ठेवला. मग विचारलं, "बस्त्याव? आपला बस्त्याव?"

टोनी जवळ आला. मान खाली घालून हो म्हणाला.

"दोघं लहानपणी खाडीत पोहायला पळायचे. माझ्या लग्नात ह्या बस्त्यावने इनासला इतकी पाजलेली, की चर्चमध्ये त्याला धरून उभा केलेला." तिने केदारला हाक मारली आणि फरशीवर दोन नावांच्या मध्ये जागा आहे का ते विचारलं. केदार म्हणाला, बारीक अक्षरात बसेल.

मग ती टोनीकडे वळली.

"माझी पाळी आली की मला कडेला ठेव हां, टोनी. मधे नको. ते दोघं गप्पा मारत बसतील, मला झोप लागायची नाय."

टोनी विहिरीत रडला नव्हता, वर आल्यावरही नाही. आता तो तिच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. ती त्याच्या केसांतली माती झाडत राहिली.

दोन नोव्हेंबरला, सगळ्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, त्यांच्या नावांची यादी मी सातच्या मिस्सेला वाचली, आणि नऊलाही.