सुपडूआबांचा बिल्ला

सुपडूआबांनी मला पहिल्यांदा दर्शन दिलं ते लाल झेंडी दाखवून. रविवारची सकाळ होती. नरडाण्याजवळच्या सरकारी वसाहतीतला सरळसोट डांबरी रस्ता मोकळा पडला होता. माझी जळगावची फियाट आणि मदनची धुळ्याची फियाट शेजारी शेजारी उभ्या राहून गुरगुरत होत्या. आता सुटायचं, एवढ्यात बाभळींमधून एक उंच, कमरेत वाकलेला म्हातारा आला. खांद्यावर लांब दांड्याची हातोडी, काखेत दोन गुंडाळलेल्या झेंड्या. लाल झेंडी उलगडून तो आमच्या दोन्ही गाड्यांसमोर उभा राहिला. मी भोंगा वाजवला, पण तो जागचा हलला नाही.

"रस्ता कोनी देखा?" त्यानं विचारलं.

"दिसतोय की आबा समोर," मी काचेतून डोकं काढून म्हटलं.

"गाडीमा बठीसन रस्ता दिखस का रे भो? गाडीमा बठीसन फक्त पुढलं गाव दिखस. रस्ता देखाले पाय जोयजेत."

एवढं बोलून तो रस्त्याच्या डाव्या कडेनं मान खाली घालून चालू लागला. आम्ही शिव्या देत गाड्यांना टेकून उभे राहिलो. अर्ध्या तासानं तो उजव्या कडेनं परत आला आणि धोतराचा सोगा माझ्या बॉनेटवर रिकामा केला. त्यात दोन खिळे होते, एक मोठा बोल्ट, मुठीएवढे चार दगड आणि बाटलीची फुटकी मान. "हाऊ खिया तुना चाकना," तो मला म्हणाला, आणि बोल्ट मदनच्या हातात देत, "हाऊ तुना." मग त्यानं हिरवी झेंडी उलगडली. त्या दिवसापासून सुपडूआबा आमचे झेंडीवाले झाले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या या उद्योगाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. जळगावात आम्ही पाचसहा गाडीवेडे संध्याकाळी मेहरूण तलावाकाठी जमायचो आणि एकमेकांच्या इंजिनांत डोकी घालायचो. आमच्या मंडळाला आम्हीच 'चौथा गिअर' असं नाव दिलं होतं. धुळ्याला तसंच 'पांझरा मंडळ' होतं. माझं विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि गाडी सासऱ्यांनी वापरून सोडलेली. मदन कापड दुकानदाराचा मुलगा. तो घरी मारवाडी बोलायचा, दुकानात मराठी आणि आबांशी अहिराणी. तिन्ही भाषांत त्याच्यावर रागावणं अशक्य होतं. महिन्यातून एका रविवारी दोन्ही गावं नरडाण्याला भेटत. दोन दोन गाड्या एकदम सोडायच्या, पाव मैलावरची चुन्याची रेघ आधी ओलांडेल तो जिंकला. हरलेल्या गावानं भरीत-भाकरीचा बेत करायचा. तो रस्ता कारखान्यांसाठी केलेला होता. पण आधी रस्ता आला, मग विजेचे खांब आले, आणि कारखाने येईपर्यंत शेळ्या आल्या.

आबा रेल्वेत चावीवाले होते. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या होतात. त्या रोज पायी फिरून हातोडीनं ठोकून बसवायच्या, हे त्यांचं काम. तीस वर्षं त्यांनी तापीकाठच्या त्या लाइनीवर तेच केलं आणि निवृत्त झाल्यावर रुळाजवळच एका खोलीत राहिले. बायको गेली होती, मुलगी सुरतेला दिलेली. त्यांना शांतता सोसत नसे. कुठं फार शांत असलं की ते मान तिरकी करून ऐकत राहत. "रूळ सोताहून बोलत नही," ते म्हणायचे. "त्याले इचारनं पडस. जो इचारत नही, त्याले तो एकदाच सांगस." हे ऐकून आम्ही हसायचो. आता त्या वाक्याची आठवण आली तरी अंगावर काटा येतो.

त्यांनी आम्हाला एक नियम घालून दिला. शर्यतीआधी दोन्ही चालकांनी त्यांच्याबरोबर अख्खा रस्ता पायी चालायचा. जाताना एक बाजू, येताना दुसरी. नुसता रेघेपर्यंत नाही, तर थेट शेवटापर्यंत. रेघेच्या पुढं रस्ता जरासा चढून पलीकडे उतरत असे, आणि वेगात आलेल्या गाड्या थांबायच्या त्या उतारावर. तो उतार इकडून दिसायचा नाही. म्हणूनच उताराच्या टोकाच्या लोखंडी खांबावर आबांनी एक बिल्ला टांगला होता. तळहाताएवढा, जाडजूड पितळी, तांबटाकडून मुद्दाम घडवून घेतलेला. पावसाळ्यात रुळावर गस्त घालणारे हद्दीच्या टोकाला भेटून आपापले बिल्ले बदलत. हातात दुसऱ्याचा बिल्ला असला म्हणजे गडी शेवटापर्यंत चालला होता हे साहेबाला कळे. तीच रीत आबांनी आम्हाला लावली. बिल्ला आणून त्यांच्या हातात द्यायचा. मग ते विचारणार, "बठ्ठं देखं का?" म्हणजे, सगळं पाहिलं का? आपण म्हणायचं, "बठ्ठं देखं, आबा." तेव्हा कुठं हिरवी झेंडी. शर्यत झाली की जिंकणाऱ्यानं बिल्ला परत नेऊन टांगायचा.

उन्हाळ्यात तो बिल्ला इतका तापायचा की रुमालात धरूनच आणावा लागे. आबाही तो रुमालातच घेत. मदन एकदा फुशारकीनं उघड्या हातानं काढायला गेला आणि "ओ बापजी" म्हणून नाचला. आबा पोट धरून हसले होते. त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं.

चार वर्षं त्या रस्त्यावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि त्यामुळेच आम्ही शेफारलो. पायपीट म्हणजे म्हाताऱ्याचं खूळ, असं आम्ही आपसात म्हणू लागलो. आबांना ते कळत असावं. एकदा घाम पुसत मी कुरकुरलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "घाई करनारा एक तं पोचस, नही तं त्याले पोचाडनं पडस." मदननं लगेच त्यांची नक्कल करून दाखवली. नक्कल इतकी हुबेहूब होती की आबा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "असं मन्हा आवाजमा बोलू नको रे बेटा." का, ते त्यांनी सांगितलं नाही.

पाचव्या वर्षीचा एप्रिल. आदल्या महिन्यात मी जिंकलो होतो आणि जिंकल्याच्या नादात बिल्ला टांगायचाच विसरलो होतो. घरी आल्यावर तो गाडीत सापडला. पुढच्या खेपेला गुपचूप टांगून टाकू म्हणून त्या रविवारी मी तो विजारीच्या खिशात घालून निघालो. एरंडोलच्या अलीकडे आमच्या एका गाडीचं पाणी उकळलं, आणि नरडाण्याला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. ऊन अंगावर ओतल्यासारखं पडत होतं. धुळ्याची मंडळी नऊपासून ताटकळलेली. आबा एका उलट्या डब्यावर बसले होते. डावा गुडघा सुजून टम्म झालेला.

"आज मन्हा पाय येत नही," ते म्हणाले. "तुम्ही दोन्ही जाईसन या. मी संगे नही म्हनीसन अर्ध्यातून फिरू नका."

मदन आणि मी निघालो. रेघेच्या थोडं अलीकडे, बाभळींच्या आड, एक कडुनिंब होता. तिथं पोचेपर्यंत डोळ्यांपुढं पांढरं दिसू लागलं होतं. मी खिशातून बिल्ला काढून मदनपुढं धरला. आधी त्याला कळेना. मग कळलं आणि तो खो खो हसला. "अरुण, तू तर पक्का व्यापारी निघालास," तो म्हणाला. आम्ही त्या सावलीत दहा मिनिटं बसलो, एक एक सिगारेट ओढली. मदन त्याच्या बहिणीच्या लग्नाबद्दल सांगत होता. एकदा तो उठून चढाकडे बघत म्हणाला, "जाऊन येऊ या का रे? पाच मिनिटांचं तर काम आहे." मी म्हटलं, "बस रे. चार वर्षांत तिथं काय निघालं?" तो बसला. हे मी म्हटलं होतं. मीच.

परत आलो. आबांनी नेहमीप्रमाणे हातावर रुमाल पसरून पुढं केला. मी त्यावर बिल्ला ठेवला. त्यांनी मूठ मिटली. मग रुमाल बाजूला करून बिल्ला उघड्या तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं सावकाश चोळत राहिले. माझ्याकडे पाहिलं, मदनकडे पाहिलं. मागं दोन्ही गावची पोरं ओरडत होती, कुणीतरी भोंगा वाजवत होतं.

"बठ्ठं देखं का?"

"बठ्ठं देखं, आबा," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

त्यांनी बाजूंसाठी नाणं उडवलं. कौल माझा लागला आणि मी उजवी बाजू मागितली. का मागितली, याचं कारण मी पुढं कितीतरी वर्षं शोधलं. कारण काहीच नव्हतं. आबा उठले, लंगडत पुढं गेले. हिरवी झेंडी हातात घेऊन ते इतका वेळ उभे राहिले की मदननं खिडकीतून हाक मारली, "आबा, दाखाडा ना!" मग झेंडी पडली.

रेघ आम्ही जवळजवळ एकदमच ओलांडली. चढ संपला आणि उतार दिसला. डाव्या अंगानं निम्मा रस्ता आडवा खणलेला होता. नळ टाकायला दोन दिवसांपूर्वी कुणी छातीएवढी चारी खणून ठेवली होती. पाटी नव्हती, रचलेले दगड नव्हते. उरलेल्या निम्म्या रस्त्यावरून मी निघून गेलो. मागं झालेला आवाज मला सांगता येणार नाही. मी तो पुन्हा कधी ऐकला नाही, आणि ऐकायचा थांबलोही नाही.

मदननं तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या इस्पितळात प्राण सोडला.

पोलीस आले तेव्हा मी तोंड उघडणार होतो. निदान मला तसं आठवतं. पण आबा आधीच पुढं झाले होते. "झेंडी मी दाखाडी, साहेब. पोरेसले काय इचारतस?" त्यांनी बिल्ल्याचा शब्द काढला नाही. मीही काढला नाही. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, उगाच झेंडी धरायची हौस. मदनच्या वडिलांनी आबांच्या दारात उभं राहून जे काय बोलायचं ते बोलून घेतलं, आणि आबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, असं नंतर कानावर आलं. दोन्ही मंडळं त्याच महिन्यात मोडली. मी फियाट विकली. बायकोलाही खरं सांगितलं नाही. मदन देखणा होता, मोकळा होता, माझा मित्र होता, आणि त्याच्या मरणाचं खापर मी एका निर्दोष म्हाताऱ्याच्या डोक्यावर फुटू दिलं.

सात वर्षं नरडाण्याकडे तोंड केलं नाही. मग एका मे महिन्यात निरोप आला, सुपडूआबांनी अंथरूण धरलंय, तुमची आठवण काढतात. गेलो. खोली तीच, खाट तीच, भिंतीवर हातोडी टेकवलेली. सुरतेची मुलगी येऊन राहिली होती. चहा ठेवून ती बाहेर गेली. मी बसलो आणि सात वर्षं साठवलेलं एका दमात ओकून टाकलं. बिल्ला खिशात होता, आम्ही कडुनिंबाखालून परतलो, मदन जाऊ म्हणत होता, मी बसवलं. मला रडू आवरेना.

आबा छताकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "मले मालूम व्हतं रे भो."

मी वर पाहिलं.

"बिल्ला थंडा व्हता. तीस वरीस लोखंड हातमा धरं मी. ऊनमा टांगेल पितळ असं ऱ्हास का?" त्यांना धाप लागली. "मी म्हनं, दोन्ही चांगला घरना पोरे. चार लोकेसमा खोटं कसं पाडू? मन्हा तोंडले लाज उनी, आनि हातनी झेंडी दाखाडी. तू खोटं बोलना, ते तुनं. झेंडी मन्ही व्हती."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्यावर बिल्ला लटकत होता, काळवंडलेला. "ले. जाय. टोकलगून."

मी बिल्ला घेऊन निघालो. भर दुपार होती. रस्त्यावर आता ट्रक होते, दोनचार कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. मी डाव्या कडेनं मान खाली घालून चालत गेलो. चढ संपल्यावर डांबराचा एक आडवा पट्टा वेगळ्या रंगाचा दिसला. त्याच्यापाशी थांबलो. मग टोकाच्या खांबावर बिल्ला टांगला आणि खाली मातीत बसून राहिलो, तास, दीड तास. उठून हात लावला तर चटका बसला. खिशात रुमाल होता. तो काढला नाही. बिल्ला मुठीत धरून दुसऱ्या कडेनं परत चालत आलो.

आबांचा हात खाटेवर उताणा पडला होता. मी त्यात बिल्ला ठेवला. त्यांनी बोटं मिटली आणि तसाच धरून ठेवला, अंगठ्यानं सावकाश चोळत.

"आते देखं," ते म्हणाले.

माझ्या तळहातावर आलेला फोड बरा व्हायला दहाबारा दिवस लागले. आबा त्याच्या आधीच गेले.