जात्यावरच्या दोघींतली राहिलेली

मुलांनो, तुमचे आजोबा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, २०१६ साली, आमच्या मसोलीच्या घरातलं गुरुवारचं बायबलवाचन दोघींवर आलं होतं. मी, आणि तलासरीकडच्या वेवजीत एकटी राहणारी एक निवृत्त नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही. ती मला टीचर म्हणे. ती मराठीतून मोठ्याने वाचायची, मी इंग्रजी बायबलात त्या ओळींवर बोट ठेवून बसायचे, मग चहा. आठवड्यात माझ्याकडे बसायला येणारं माणूस तेवढंच.

त्या गुरुवारी प्रभू आपल्या पुन्हा येण्याविषयी बोलतो तो भाग निघाला. दोन बायका जात्यावर दळत असतील, त्यांतली एक घेतली जाईल, एक तिथेच राहील. सिस्टर अलीकडे हद्दीपलीकडे गुजरातेत एका नव्या पाळकांच्या सभांना जात होती. ते शिकवत की मोठं संकट येण्याआधी प्रभू आपल्या माणसांना एकाएकी वर उचलून घेईल. म्हणजे घेतलेली ती भाग्यवान.

मी म्हटलं, "सिस्टर, त्याच्या आधीच्या ओळी बघा. नोहाच्या दिवसांत पुराने कोणाला नेलं? न ऐकणाऱ्यांना. नोहा तारवात बसून तरला, राहिला. मग इथेही राहिलेली तीच वाचलेली."

"तुम्ही इंग्रजीत वाचता, म्हणून उलटं दिसतं."

"मराठीतही नोहा तारवातच होता."

ती हसेल असं वाटलं होतं. तिने पुस्तक मिटलं. "राहून करायचं काय, टीचर? या घरात तुमच्यासाठी राहिलंय कोण?"

चहा तसाच ठेवून ती गेली. पुढच्या गुरुवारी आली नाही, त्यानंतरही नाही. मला माझा अर्थ बरोबर वाटत होता, आजही वाटतो. पण एकटीने बरोबर असण्याचं गुरुवारी दुपारी काही करता येत नाही.

शेवटी पिशवीत चिकू घेतले आणि बस, मग शेअर रिक्षा करून वेवजीला गेले. दार उघडं होतं. उंबऱ्याशी तिच्या चपला. गॅसवर डाळ उकळत होती, टेबलावर उघड्या बायबलवर चष्मा. हाक मारली. पुन्हा मारली. पंखा फिरत होता.

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. मुद्दे सगळे तोंडपाठ असूनही मनात आलं, हिला नेलं. भीती वाटली नाही. राग आला. तुमचे आजोबाही असेच गेले होते, पेपर अर्धा वाचून.

मागच्या दाराने सिस्टर आत आली, अंगणातल्या रबरी चपलांत, हातात कापसाची गुंडाळी. शेजारच्या आजींच्या पायाची पट्टी बदलून येत होती. तिने आधी बंद गॅस पाहिला, मग मला.

"डाळ कच्ची राहिली ना," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून, "टीचर, तुम्हाला वाटलं मी गेले?"

मी चिकू टेबलावर काढत राहिले.

"मग रडता कशाला? तुमच्या हिशोबाने वाचलात की तुम्ही."

"तुम्हाला सांगून जाता येत नाही?"

"ते माझ्या हातात असतं का?" ती म्हणाली. गॅस पुन्हा लावला. डाळ ढवळत म्हणाली, "त्या दिवशी तसं बोलायला नको होतं."

त्या उताऱ्यावर आमचं अजूनही पटत नाही. आता तिचे गुडघे प्रवास सोसत नाहीत, माझी कंबरही नाही, त्यामुळे गुरुवार बंद झाला. पण रोज दिवेलागणीला ती फोन करते.

"आहात?"

"आहे. तुम्ही?"

"अजून नेलं नाही."

कित्येकदा दिवसभरात मी कोणाशी बोललेलं तेवढंच असतं. तिकडे परदेशात आमच्याकडे येऊन राहा, असं तुम्ही म्हणता. तिथून मी हा फोन कसा घेणार, तुमच्याकडे तेव्हा सकाळची शाळेची घाई असते. आणि इथे फोन वाजत राहिला, तर ती काय समजेल ते मला ठाऊक आहे.