गॅरेजमागची मायाळू

मी अमेरिकेत बागांवर संशोधन करायला चाललेय, हे ऐकून आमच्या गावात बरेच दिवस हसणं चाललं होतं. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरगी माळीण व्हायला विमानाने निघाली." मला माळीण व्हायचं नव्हतं. तीन-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या पुरुषांनी गृहिणींसाठी बागकामाची पुस्तकं लिहिली होती, ती मला वाचायची होती. कुंपणापलीकडचं शेत नवऱ्याचं आणि घरामागचा वाफा बायकोचा, अशी त्या पुस्तकांतली वाटणी. पेरायचं, खुरपायचं, पाला सुकवायचा, अर्क काढायचे आणि शेजारपाजारच्या आजाऱ्यांना ते पाजायचे, सगळं बाईने. तिला औषध कुठलं आणि विष कुठलं हे कळलंच पाहिजे, असं लेखक बजावत. आणि तेच जिला फार चांगलं कळे, ती एकटी असली, वयस्कर असली, तोंडाने फटकळ असली, की गाव तिच्याकडे चेटकीण म्हणून बघू लागे. हे मी मोठ्या चवीने वाचायची. मीही फटकळच होते, पण तेव्हा हा संबंध काही माझ्या डोक्यात आला नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डेट्रॉइटच्या बाहेर एका मराठी जोडप्याच्या घरात मी तळघरातली खोली भाड्याने घेतली होती. नवरा मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. बायको माझ्याच वयाची, हसरी, महिन्याभरात माझी जिवलग मैत्रीण झाली. त्या उन्हाळ्यात तिला सातवा महिना लागला, आणि बाळंतपणासाठी तिच्या सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांना मी काकू म्हणायची. मुलगा-सून कामावर गेले की काकूंना दिवसभर बोलायला कुणी नसे, म्हणून त्या मागच्या अंगणात फिरत. दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये त्यांनी मेथी लावली, कोथिंबीर लावली. शेजारी कुणी दिसलं की मराठीतच दोन शब्द बोलत. मला त्या मनापासून आवडत.

मैत्रिणीला डोहाळे लागले ते मायाळूच्या भज्यांचे. दुसरं काही तिच्या पोटात ठरेना. "यार, मला इथे कुठून मिळणार मायाळू? ग्रोसरीत फक्त पालक," असं म्हणून ती रडकुंडीला येई. मी तिला माझी जुनी पुस्तकं सांगून हसवत असे. त्या इंग्रज बायकांनाही डोहाळे लागत, आणि ते पुरवले नाहीत तर पोरावर डाग उमटतो किंवा पोर राहत नाही, अशी तिथल्या सुइणींची खात्री होती. एकदा हे सांगत असताना काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही.

आणि ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. गॅरेजच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांजवळ, लालबुंद दांड्यांचं एक झाड माझ्या खांद्याइतकं वाढलं होतं. हिरवीगार रुंद पानं, आणि जांभळ्या-काळ्या फळांचे घोस. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "देवाने धाडली बघ. तिला इच्छा झाली आणि इथे मायाळू उगवली."

काकूंचा जन्म शहरात गेलेला, त्यांनी मायाळू पाहिली ती मंडईत, जुडी बांधलेली. आमच्या गावाकडे ती कुंपणावर होती. मायाळू वेल आहे. ती चढते, लोंबते, गुंडाळते. हे झाड आपल्या पायावर ताठ उभं होतं. मी एक पान चुरगाळलं. मायाळूचं पान चुरगाळलं की बोटं बुळबुळीत होतात. या वेळी बोटं कोरडीच राहिली.

"काकू, ही मायाळू नाही."

"अगं, अमेरिकेतली आहे. इथे सगळंच दांडगं वाढतं. माणसं नाही पाहिलीस?"

"पण मायाळू उभी कशी राहील?"

"तुझी बाग पुस्तकातली," काकू हसून म्हणाल्या, "ही माझी बाग."

ते नक्की काय आहे हे मला माहीत नव्हतं. काय नाही, एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यावर माझं कोण ऐकणार? वरच्या मजल्यावर जाऊन मी मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "त्या इथे आल्यापासून पहिल्यांदा एवढ्या हॅपी दिसतायत. प्लीज, यार, स्पॉइल नको करूस. एखादं भजं खाऊन काय होणार?"

त्याच आठवड्यात मी लायब्ररीत समुद्र ओलांडून या देशात आलेल्या इंग्रज बायकांबद्दल वाचत होते. येताना त्यांनी बिया आणल्या, पुस्तकं आणली, आणि इथल्या अनोळखी झाडांत त्या आपल्या गावची झाडं शोधू लागल्या. जरा कुठे पान सारखं दिसलं की त्याला घरचं नाव देऊन मोकळ्या. पुस्तकात इथलं झाड नव्हतंच, मग बिचाऱ्या करणार काय? मी पुस्तक मिटलं. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि पोरं गवतावर चकती फेकत होती.

डोहाळजेवण शनिवारी दुपारी झालं. गावातल्या ओळखीच्या मराठी बायका नटूनथटून आल्या. काकूंनी अंगणातल्या झोपाळ्याला झेंडू बांधला होता. मैत्रीण हिरव्या साडीत, फुलांची वाडी घालून बसली होती. मोगरा कुठला मिळायला? म्हणून काकूंनी बाजूबंदात आणि गजऱ्यात त्याच झाडाची फळं ओवली होती. उन्हाने ती फुटली. लालजांभळा रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, आणि ती तो पदराने टिपत हसत होती. सगळ्या म्हणत होत्या, काय गोड दिसतेय. मला तिच्याकडे बघवेना.

आत तेल तापलं होतं. भज्यांचा वास आला तेव्हा मला स्वतःचाच राग आला, कारण वास चांगला होता आणि तोंडाला पाणी सुटलं. ताट आलं. बायकांनी गरम गरम म्हणून आधी स्वतः दोन-दोन उचलली. "अगदी आपल्यासारखी!" कुणीतरी म्हणालं. काकूंनी सुनेचं औक्षण केलं, पानातलं एक भजं तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "खा बाळा, माझ्या नातवाला पोचू दे."

तिने ते तोंडाशी नेलं. मी उठले आणि तिच्या हातातून ते काढून घेतलं.

गरोदर बाईच्या तोंडचा घास. डोहाळजेवणात. सगळ्यांसमोर. वर मी ओरडलेही, "विष असेल ते! खाऊ नका कुणी!" काकूंनी हातातलं निरांजन खाली ठेवलं. एक जण म्हणाली, "शुभ बोल गं, काय हे!" मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत तेव्हा राग नव्हता, नुसती भीती होती. तिने पुन्हा भज्याला हात लावला नाही. बाकीच्यांनी मला दाखवायला म्हणून ताट संपवलं, आणि सर्वांत जास्त काकूंनी खाल्लं.

बायका आपापल्या घरी परतण्याआधीच एकीला उलटी झाली. मग दुसरीला. दिवेलागणीपर्यंत काकू न्हाणीघराच्या फरशीवर पडल्या होत्या, पांढऱ्याफटक, पोट धरून. ते बघून मैत्रिणीचं पोट आवळून यायला लागलं. तिच्या नवऱ्याने एकाच गाडीत आईला मागे आणि बायकोला पुढे घातलं. मी त्या झाडाची फांदी तोडून, पिशवीत घालून त्यांच्यामागे धावले आणि काकूंशेजारी बसले. हॉस्पिटलमध्ये नर्सने फांदी बघताच कपाळावर हात मारला. पोक म्हणतात त्याला, मुळापासून फळापर्यंत विषारी, तिने सांगितलं. कोवळी पानं इथले लोक पुन्हा पुन्हा उकळून, पाणी फेकून खातात. लाल दांड्याचं कुणी खात नाही. गरोदर बाईने तर नाहीच.

काकू वाचल्या. सगळ्याच वाचल्या. मैत्रिणीच्या कळा थांबल्या, आणि मी हॉस्पिटलच्या बाकावर मोठ्याने रडले.

मला वाटलं होतं, आता माझे आभार मानतील. झाड विषारी होतं हे सगळ्यांना पटलं, डॉक्टरनेच सांगितलं म्हटल्यावर न पटून करतील काय? पण मी बोलले म्हणून ते बाधलं, हेही पटलं. "आम्ही खाल्लं तोवर ठीक होतं. हिने विषाचं नाव काढलं आणि मग सुरू झालं," असं त्या दिवशी आलेल्यांतली एक देशी दुकानात भेटलेल्या बाईला सांगत होती, मी तांदळाच्या पोत्यांपलीकडे उभी असताना. काकू माझ्याशी बोलत, पण जेवताना माझ्याकडे पाठ करून बसत. माझ्या पुस्तकांतल्या गावांत अगदी असंच सुरू होई. एक बाई दारात येते, खाण्यावरून किंवा पोरावरून काहीतरी बोलते, निघून जाते. मग कुणीतरी आजारी पडतं, आणि गाव तिचं बोलणं आठवू लागतं. त्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. प्राध्यापकांनी त्याला छान म्हटलं होतं.

थंडी पडण्याआधी मी दुसरीकडे खोली घेतली. मुलगा झाल्याचं मला फोनवर कळलं. बारशाचं बोलावणं आलं नाही, तरी न राहवून मी एका रविवारी झबलं घेऊन गेले. दार उघडंच होतं. दिवाणखान्यात दोन शेजारणी बाळाला आळीपाळीने मांडीवर घेत होत्या. गोरापान, गुटगुटीत, गाल अगदी कोरे. मैत्रिणीने मला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला, खरंच खुलला. "ये ना, कधीची वाट बघतेय," ती म्हणाली.

मी हात पुढे केले. तिने बाळाला शेजारणीकडून घेतलं, आणि एका हाताने कपाटावरची काजळाची डबी उघडली. बाळाच्या गालावर तिने ठसठशीत तीट लावली. मग त्याला माझ्या हातात दिलं.

त्याने माझं बोट घट्ट धरलं. तीट पुसली जाऊ नये म्हणून मी त्याला अंगापासून जरा लांबच धरलं.