होडीवाले मामासासरे

माझ्या बायकोच्या मामांइतका पाण्याचा माणूस कोरड्या जमिनीवर अख्ख्या जळगाव-धुळ्यात दुसरा झाला नसेल. नौदलातली नोकरी संपवून ते पिंप्राळ्यात परतले, ते एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालूनच. घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ती ठोकळ्यांवर उभी राहिली आणि रिक्षावाले त्या घराला 'होडीवाल्यांचं घर' म्हणू लागले. मामी शिंदखेड्याच्या. त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अहिराणीत सांगत, "त्यास्ले समुद्र दिखस, घरना गळता नळ दिखत नही."

धरणावर आमच्या ऑफिसतर्फे शिडाच्या होड्यांचं केंद्र निघणार होतं, आणि तिथे शिकवायला तुम्हालाच बोलावू, असं आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी मामांना तोंडी कबूल केलं होतं. तेवढ्या शब्दावर मामांनी दीड वर्ष दर रविवारी आमचा वर्ग घेतला. मी, एक बँकेतले क्लार्क आणि कॉलेजातल्या दोन मुली. शीड वर चढवतो तो दोर हॅलयार्ड, ज्या दोराने शीड आवळायचं नि सैल सोडायचं ती शीट. शीट म्हणजे शिडाचं कापडच असणार, असा वाद क्लार्कनी घातला, तेव्हा मामांनी त्यांना तो दोर हातात देऊन तासभर बसवलं. 'दोरी' म्हणणाऱ्याला होडीभोवती तीन फेऱ्या. एका मुलीने दोरांचे रंग पाठ केले, तर तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. "रंग उन्हात उडतो. हात लाव आणि दोर जातो तिथपर्यंत जा, मग चुकणार नाहीस," असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात तर मांडववाल्याची गाठ पसंत पडेना म्हणून त्यांनी ती सोडली. पुन्हा बांधून होईपर्यंत निम्मं वऱ्हाड मांडवाचा खांब धरून उभं होतं.

उद्घाटनासाठी साहेबांनी होडी मागवली. ती पाण्यात उतरणार म्हणून मामांनी आठवडाभर घासूनपुसून पाठवली. आम्ही सगळे गेलो, तर पाण्यात नुसत्या मोटारबोटी. ठेका भलत्यालाच गेला होता. मामांची होडी फाटकाशी सिमेंटच्या ओट्यावर चढवलेली, डोलकाठीला दिव्यांच्या माळा. लोंबतात म्हणून सगळे दोर एका मापात कापून त्यांची फुलं बांधली होती. लोक पुढे उभे राहून फोटो काढत होते.

मामा जवळ गेले. एक कापलेलं टोक हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. एक कार्यकर्ता म्हणाला, "काका, फोटोत येताय, जरा बाजूला व्हा." ते झाले.

साहेबांनी मला विचारलं, "हे तुमच्याच नात्यातले ना?"

माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. मी म्हणालो, "नाही, तसे ओळखीचे आहेत."

मामा दोन पावलांवर होते.

परतताना एरंडोलला चहाला थांबलो. क्लार्क तावातावाने अर्ज करण्याच्या गोष्टी बोलत होते, मुली रडवेल्या झाल्या होत्या. मामांनी प्रत्येकाला चहा हातात दिला. मलाही दिला. तोवर ते मला नावाने हाक मारत, अरे-तुरेच करत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "घ्या जावईबापू."

बढती मिळाली. वर्ग पुन्हा भरला नाही. मी अजूनही रविवारी जातो, मामा अगत्याने खुर्ची पुढे करतात, पोराबाळांची चौकशी करतात. मला अरे म्हणा, असं मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. ते हसतात आणि म्हणतात, "बसा ना तुम्ही."