मावशीची बिअर, काकांचं नाक

माझी मावशी लाँड्री चालवते आणि बिअर बनवते. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या की लोक आधी दचकतात आणि मग विचारतात, एकाच बादलीत का? नाही. लाँड्रीच्या बादल्या खाली दुकानात असतात आणि बिअरच्या वर घरात, बाथरूममध्ये, कारण तिथे ऊन येत नाही. त्यामुळे तिच्या घरी अंघोळ करायची तर पोट आत ओढून, बुडबुडणाऱ्या बादल्यांना वळसा घालून जावं लागतं. कुणाचा धक्का लागलाच तर मावशी आधी बादली बघते, मग माणूस.

कृती ती कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी. मोड आणून भाजलेले जव गरम पाण्यात तासभर मुरवायचे. ते गोड पाणी गाळायचं, त्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकून उघड्या पातेल्यात खळखळ उकळायचं, गार झालं की यीस्ट घालायचं आणि दोन आठवडे गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं तिला आजवर जमलेलं नाही.

गप्प बसणं काकांनाही जमत नाही. काका म्हणजे मावशीचे यजमान. पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत त्यांनी उभी हयात काढली. लोकांचं इतकी वर्षं ऐकून घेतलं, ते निवृत्तीनंतर व्याजासकट परत करायला काढलं. चहा, पंखा, शेजारी, हवामान, कुणाचीच सुटका नाही. पण खास ठेवणीतलं सगळं बिअरसाठी. ते स्वतः थेंबालाही शिवत नाहीत. तत्त्व वगैरे काही नाही, चव आवडत नाही एवढंच. नाक मात्र असं की खाली दुकानात कुणी पेपरमिंट चघळलं तर यांना वर कळतं. "आज बाथरूममध्ये कुणाचे मोजे उकडलेत?" असं ते पेपराआडून विचारायचे आणि मावशी "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" म्हणून उडवून लावायची. उडवून लावणं तिला परवडत होतं, कारण तेव्हा तिला स्वतःला उत्तम वास येत होता.

पलीकडच्या गल्लीत एक छोटा बार आहे. तिथली बिअर तिथेच बनते, काचेमागे स्टीलच्या टाक्या दिसतात. मालकाला आम्ही दाढीवाला म्हणतो, आणि त्याला बघितलं की कारण विचारावं लागत नाही. शनिवारी मी आणि मावशी तिथे ठाण मांडून बसतो. एका शनिवारी त्याने नवीन बिअर काढली. मावशीने एक घोट घेतला आणि भर बारमध्ये निकाल दिला, "उकडलेल्या कोबीचा वास येतोय. उकळताना झाकण ठेवलं होतंस ना?"

दाढीवाल्याचा चेहरा पडला. दाढीतूनही दिसला. "काकू, मग तुम्हीच आणा बनवून. महिन्यातला एक शनिवार एक नळ मी घरी बनवणाऱ्यांना देतो. दोन महिन्यांनंतरचा तुमचा."

"आणते की," मावशी म्हणाली. इथे थांबायला हवं होतं. पण दुसरा ग्लास संपत आला होता. "आणि खराब निघाली ना, तर पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही!"

लोकांनी बाकं बडवली. झालं, आता माघार नाही.

त्याच आठवड्यात मावशी तापाने आडवी झाली. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. व्हिनेगरची बाटली नाकाशी धरली तरी तिला ढिम्म काही कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. तिने ते फक्त मला सांगितलं, इस्त्रीच्या टेबलामागे, दबक्या आवाजात. "काकांना बोलायचं नाही. मरेपर्यंत ऐकवतील."

"पण चव तर कळते ना?"

"कडू, गोड, आंबट. बस. बाकी सगळं नाकाचं काम असतं गं. कोबी झालाय की संत्रं, मला काय कळणार? सगळ्यांच्या देखत तोंड वर करून बोलून बसलेय."

आधी तिने माझ्या नाकावर भिस्त ठेवली. माझी अडचण अशी की फुकटची बिअर मला आजवर वाईट लागलेली नाही. तिने एक ग्लास पुढे केला, मी डोळे मिटून हुंगला आणि म्हटलं, "वा! फुलांचा हलकासा सुगंध आहे." ते कपड्यांच्या स्टार्चचं पाणी होतं. माझी त्याच दिवशी हकालपट्टी झाली.

मग तिला आयतं नाक सापडलं. पहिली बादली लावल्यावर तिसऱ्या दिवशी काका बाथरूममधून नाक दाबून बाहेर आले. "अंडी सडलीयेत आत! माणसं राहतात या घरात!" मावशीचा चेहरा उजळला. यीस्ट कामाला लागलं की सुरुवातीला असा वास सुटतो, मग जातो. दोन दिवसांनी तिने मुद्दाम विचारलं, "अजून येतोय का हो अंड्यांचा?" काका म्हणाले, "अंडी गेली. आता कच्च्या सफरचंदांचं गोदाम झालंय." तेही बरोबरच होतं. काका शिव्या घालत होते आणि मावशी त्या झेलून कामाला लावत होती. संसारात इतका एकोपा मी त्यांच्यात पहिल्यांदाच बघत होते.

आणि मग माशी शिंकली. एका सकाळी मी दुकानात स्टुलावर बसले होते. मावशी गिऱ्हाइकाशी बोलायला वळली, इस्त्री शर्टावर तशीच राहिली. मी मोबाइलमध्ये. काका धाडधाड जिना उतरून आले, इस्त्री उचलली, बटण बंद केलं. शर्टाच्या पाठीला तपकिरी भोक, दुकानभर जळका वास. मावशी पाठमोरी, अजून बोलतच होती. शर्ट काकांचाच होता. मी कान झाकायच्या तयारीत होते. पण काका तिच्या पाठीकडे बघत राहिले, शर्ट काखेत मारला आणि मुकाट्याने वर गेले. त्यांना सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून काका गोड झाले. चहा छान, पंखा छान. मावशीने हाताशी असावी म्हणून बिअरची दुसरी बादली लावली, तेव्हा पातेल्यापाशी तिच्या मदतीला उभे राहिले. पहिल्या बादलीबद्दल विचारलं, "छान वास येतोय." दुसरीबद्दल विचारलं, "छानच येतोय." मावशी हवालदिल झाली. शनिवार तोंडावर आलेला, दोनपैकी एक बादली न्यायची, आणि जगातलं एकमेव खात्रीचं नाक लाडीगोडी लावत बसलेलं.

शेवटी तिने त्यांना बाथरूमच्या दारात गाठलं. मी साक्षीदार.

"तुम्हाला कळलंय ना?"

काकांनी मान खाली घातली. "तुला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, आता बोलायचं नाही."

"अहो, तुमच्या शिव्यांवर माझं सगळं चाललंय! एवढी वर्षं नको तेव्हा बोललात आणि आता गरज आहे तर मुखदुर्बळ झालात? मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. खरं बोला!" तिचे डोळे भरून आले होते. मला ते बघवेना.

काका वाकले. दुसऱ्या बादलीचं झाकण किलकिलं केलं आणि एकदम मागे आले. "कोबी. उकडून दिवसभर झाकून ठेवलेला. आमच्या कँटीनमधला!"

"कोबी कसा होईल? मी पातेल्यावर झाकण ठेवत नाही."

"मी ठेवलं होतं, तू दुकानात उतरलीस तेव्हा," काका म्हणाले. "तू धापा टाकत होतीस. म्हटलं लवकर उकळलं तर लवकर बसशील."

मावशीने अख्खी बादली मोरीत ओतली. काकांनी आता पहिल्या बादलीत नाक घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग भडकले. "ताज्या पावाचा वास येतोय. वर संत्र्याची साल. आत्ता जेवून उठलोय आणि परत भूक लागली! हा काय छळ आहे? दार लावत जा बाथरूमचं!"

मावशीने माझ्याकडे बघितलं. "तक्रार आहे," ती म्हणाली. "म्हणजे खरं आहे."

शनिवारी काका आयुष्यात पहिल्यांदा बारमध्ये आले. बाक टोचतं, गाणी कर्कश, उजेड कमी. दाढीवाल्याने मावशीची बिअर नळावर लावली, स्वतः पहिला ग्लास घेतला, हुंगला, प्यायला आणि स्वतःसाठी दुसरा भरला. मग म्हणाला, "काकू, पाऊल टाकत राहा." पुन्हा बाकं बडवली गेली. नळापाशी रांग लागली.

मावशी तिचा ग्लास हातात धरून कोपऱ्यात बसली होती. सगळा बार तिची बिअर पीत होता आणि ती कशी झालीय हे एकट्या तिलाच ठाऊक नव्हतं. काका तिच्याशेजारी सरकले आणि तिच्या ग्लासात वाकले.

"पाव," ते म्हणाले. "भट्टीतून नुकताच काढलेला. संत्रं कमी झालंय, गवत आलंय थोडं. मला शिंका येतील."

"अजून?"

"अजून तुझ्या हाताला स्टार्चचा वास येतोय."

"तो बिअरचा नाही."

"माहितेय. तुला येत नाही म्हणून सांगितलं." काकांनी नाक बाहेर काढलं. "लग्न झाल्यापासून येतोय. मी कधी तक्रार केली?"

मावशीने आठवून बघितलं. "नाही," ती म्हणाली, आणि पहिला घोट घेतला.